डेलमरचा डावा तुकडा

टोस्टरमधला पाव खटकन वर उडाला. टेबलाभोवती बसलेल्या तिघांपैकी कुणीही हललं नाही.

टेबलावर एक रायफल आडवी होती. तिच्या शेजारी काळ्या प्लास्टिकचा वीतभर लांबीचा तुकडा उताणा ठेवलेला.

"हा डेलमरचा नाही," म्हातारा रॉइस टॅकेट म्हणाला.

"बाबा, कालही हेच म्हणालात." त्याचा मुलगा गॅरी घड्याळाकडे बघत होता.

"कालही तो डेलमरचा नव्हताच."

तिसरी होती शेरीफच्या कचेरीतली तपास अधिकारी, डीना मॅब्री. सकाळी तक्रारीचा कागद तिच्या टेबलावर टाकताना कचेरीत हशा पिकला होता. "चोरी झालीय, पण गेलं काहीच नाही. तुझ्यासारख्या लेकुरवाळीला झेपेल असं काम आहे, मॅब्री." शर्टावर लेकीचं सुकलेलं दूध घेऊन डीनाने याहून मोठी कामं उरकली होती.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

रॉइसने सांगितलं. थोरला भाऊ डेलमर व्हिएतनामला गेला, परत आला नाही. त्याच्या तुकडीतल्या एकाने ही एकच वस्तू घरी आणून दिली. डेलमरच्या रायफलीच्या नळीवरचं आवरण दोन तुकड्यांचं असतं, त्यातला डावा तुकडा. हात भाजू नये म्हणून तो असतो. आतल्या बाजूला डेलमरने चाकूच्या टोकाने काहीतरी कोरलं होतं. रॉइसने त्या तुकड्याभोवती अख्खी रायफल उभी केली. जत्रांतून, भंगारातून, मित्रांकडून एकेक जुना भाग मिळवत. दरवर्षी मेच्या अखेरीस, युद्धात गेलेल्यांच्या दिवशी, तो आवरण उतरवायचा आणि आतून अंगठा फिरवायचा.

"यंदा फिरवला. आत गुळगुळीत."

"काय कोरलं होतं?"

"ते आम्हा दोघा भावांतलं आहे, पोरी."

"आणखी कुणी पाहिलंय?"

"कुणी नाही."

गॅरीने हात पसरले. "ऐकलंत? अक्षरं फक्त यांना दिसतात. डोळ्यांत मोतीबिंदू, कंबर मोडलेली. आता कुणीतरी घरात शिरून प्लास्टिकचा एक तुकडा बदलून जातो म्हणे! सोमवारी कोर्टात तारीख आहे. जज्जना मी एवढंच सांगणार आहे."

"कसली तारीख?"

"यांचा पालक म्हणून माझं नाव लागायची. मग घर विकायचं, आणि यांची चांगल्या ठिकाणी सोय करायची."

"चांगल्या ठिकाणी," रॉइस म्हणाला. "जिथे चमचासुद्धा मोजून देतात."

म्हणजे एवढंच होतं. अक्षरं खरी असतील, तर म्हातारा शहाणा. नसतील, तर सोमवारनंतर त्याला स्वतःच्या दाराची किल्लीही मिळणार नव्हती.

डीनाने रायफल उचलून नीट पाहिली. गोळी नव्हती, धूळ नव्हती. कुंद्याच्या, खांद्याला टेकतो त्या भागाच्या, बुडाला लोखंडी पट्टी, तिच्यात दोन स्क्रू. दोन्ही काळे, एका खाचेचे, अगदी जुळे. रायफल खाली ठेवताना तिचा खांदा स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला लागला. दार एका बाजूला लोंबत होतं. वरच्या बिजागरीत एक भोक रिकामं होतं.

"घरात कोण येऊ शकत होतं?"

"कंबर मोडून मी हॉस्पिटलात होतो तेव्हा तिघांकडे किल्ल्या होत्या. हा गॅरी. कोंबड्यांना दाणे घालायला व्हर्नन स्ट्राउड. टपाल उचलायला लाइल होस्टेटर. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कॉफीच्या डब्यात असते, हे तिघांनाही ठाऊक."

व्हर्नन स्ट्राउड हा गावातल्या जुन्या रायफलींच्या क्लबाचा अध्यक्ष. त्या क्लबात जाऊन बसणं ही डीनाच्या मते शिक्षाच होती. साठीचे बाप्ये नवीन रायफल घेऊन तिला युद्धातल्या रायफलीचं रूप देत बसतात. प्रत्येक भाग त्याच सालचा हवा, त्याच साच्यातला, त्याच रंगाचा. काळ्याच्या दोन छटांवरून इथे लोकांनी सख्ख्या मेहुण्यांशी बोलणं टाकलं होतं. बायकोच्या डोळ्यांचा रंग विचारला असता, तर निम्मे नापास झाले असते.

"रॉइसची रायफल?" व्हर्नन पोट हलवत हसला. "बाईसाहेब, तिला रायफल म्हणू नका, खिचडी म्हणा! आवरणाचा उजवा भाग हिरवट, डावा काळा. आणि कुंद्याला काय लावलंय माहितीये? स्वयंपाकघराच्या कपाटाचा स्क्रू! अधिकच्या खुणेचा, पितळी! जुना हरवला, तर पठ्ठ्याने बिजागरीतला काढून ठोकला. वर म्हणतो, डेलमरला चालला असता. अहो, असल्या माणसाला क्लबात ठेवतो, हीच आमची माणुसकी."

"तुम्ही त्याला बदलायला सांगितलं नाहीत?"

"सांगून थकलो. दर महिन्याला हसतो आम्ही त्याला."

"सगळे?"

"लाइल सोडून. लाइल हसत नाही. तो साधू माणूस."

डीनाच्या डोळ्यांपुढे ते दोन जुळे काळे स्क्रू आले.

लाइल होस्टेटर जुन्या भागांचा व्यापारी. त्याच्या तळघरात काचेच्या बरण्यांतून पिना, कड्या, स्प्रिंगा वर्षांप्रमाणे लावलेल्या. किराणा दुकानातसुद्धा इतकी टापटीप नसते. भिंतीवर त्याची स्वतःची रायफल होती, कोलंबस शहरातल्या प्रदर्शनाला जाणारी.

"रॉइस माझा मित्र आहे," लाइल हळू आवाजात म्हणाला. "त्याचे बरेचसे भाग मीच शोधून दिलेत."

"त्याला भ्रम होतोय असं वाटतं?"

लाइलने उसासा टाकला. "वाईट वाटतं बोलायला. पण वय झालंय. विसरतो. मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. जज्जने विचारलं, तर मला तसंच सांगावं लागेल."

संध्याकाळी डीना पुन्हा रॉइसकडे गेली. "कुंद्याचा स्क्रू कधी बदललात?"

"कशाला बदलू?" रॉइसने डोळे बारीक करून रायफल जवळ घेतली. बोट फिरवलं. मग चेहरा पडला. "हा... हा कुणी लावला? मी आतलंच बघत बसलो, पोरी. बुड पाहिलंच नाही."

"उद्या दुपारी मला ही रायफल हवी. आणि तुमच्या कपाटाच्या बिजागरीतला उरलेला एक स्क्रू."

"कपाटाचं दार पडेल."

"माझा नवरा येऊन लावून देईल. निदान एवढं तरी त्याला येतं."

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या खोलीत रायफल टेबलावर ठेवली होती. कुंद्याच्या बुडाला एक काळा स्क्रू, दुसरा पितळी. डीनाने तिघांना एकेक करून आत बोलावलं. प्रश्न एकच.

"नीट बघून सांगा. यात काही बदललंय?"

गॅरीने दोन क्षणही पाहिलं नाही. "मला काय कळतं? बंदूक आहे. काळी आहे. सोमवारपर्यंत संपवा हे."

व्हर्ननने बुडाकडे बोट दाखवून मांडी थोपटली. "काही बदललं नाही! तोच पितळी कलंक! शंभर वर्षं जगला, तरी म्हातारा सुधारायचा नाही."

लाइलने रायफल दोन्ही हातांनी उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी. कुंदा वर केला. त्याचा अंगठा सरळ बुडाच्या पट्टीकडे गेला आणि तिथेच थबकला. कपाळावर आठी आली.

"हा त्याने परत लावला?"

डीनाने दार उघडून बाकीच्या दोघांना आत घेतलं. पाठोपाठ काठी टेकत रॉइसही आला.

"परत म्हणजे?" तिने विचारलं. "लाइल, हा स्क्रू कधी निघाला होता?"

"मी... सहज म्हणालो."

"व्हर्ननना हा इथे पाहून नवल वाटलं नाही. ते वर्षानुवर्षं त्याला हसत आलेत. गॅरीला तो दिसलाच नाही. गॅरीला बापाचं घर हवंय, पण कुठला स्क्रू कुठल्या सालचा, हे त्याला दोन जन्मांत कळणार नाही. तुकडा त्याने बदलला असता, तर पितळी स्क्रू तसाच राहिला असता. पण काल मी रायफल पाहिली, तेव्हा तिथे दोन जुळे काळे स्क्रू होते. घरात शिरून डेलमरचा तुकडा काढणारा, हुबेहूब नवा तुकडा बसवणारा, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून धडपडणारा माणूस जाता जाता एक स्क्रू मात्र सुधारून गेला. का? कारण डोळ्यांसमोर चूक आहे, हातात स्क्रूड्रायव्हर आहे, आणि हे याला सहनच होत नाही."

"मग मी का नाही?" व्हर्नन जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "मलाही सहन होत नाही!"

"तुम्हाला छान सहन होतं. तुम्ही हसता. हसणाऱ्याचं तिथल्या तिथे भागतं. जो कधीच हसला नाही, त्याच्या मनात तो स्क्रू सलत राहिला. आणि तो गेलाय, हे फक्त काढणाऱ्यालाच ठाऊक असणार. म्हणून आज तो परत दिसल्यावर एकाच माणसाला धक्का बसला."

लाइलने रायफल खाली ठेवली. आवाज अजूनही हळूच होता, पण साधूपण गळून गेलं होतं.

"त्याच साच्यातला उजवा भाग माझ्याकडे आहे. तीच छटा, तेच साल. देशभर शोधला, त्याचा डावा कुठे मिळत नव्हता. आणि तो इथे, हिरवट भागाला चिकटवून, कपाटाच्या स्क्रूबरोबर! वस्तूची काही लाज असते की नाही? रॉइसला त्यातलं काय कळतं?"

"आणि मित्राला वेडा ठरवायला कोर्टात उभे राहणार होतात."

"त्याची तिथे काळजीच घेतली असती."

डीनाने आजवर बायकांना मारणारे पाहिले होते, पेट्रोल पंपावर चोऱ्या करणारे पाहिले होते. त्यांच्याकडे पाहताना तिला राग यायचा. या माणसाकडे पाहताना बूट पुसावेसे वाटले.

तळघरातून आणवलेल्या लाइलच्या रायफलीवरून तिने डावा तुकडा स्वतः उतरवला आणि रॉइसच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याने आतून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा. मग तो वर बघेना.

"घासलंय," तो म्हणाला.

"डाग होते," लाइल म्हणाला. "आतल्या बाजूला ओरखडे होते. साफ करत आणले होते."

"मोझ," रॉइसने बोटाने वाचलं. "एवढंच राहिलंय."

"मोझेस?" डीनाने विचारलं. "बायबलमधला प्रेषित? प्रार्थना होती का?"

"प्रेषित कसला!" म्हातारा रडताना हसला. "आमचा कुत्रा. डेलमर गेला तो त्याला माझ्याकडे सोपवून. बंदुकीत काय कोरायचं, तर कुत्र्याचं नाव! असा होता तो गाढव."

गॅरी खिडकीबाहेर बघत उभा होता. सोमवारी त्याने कोर्टातला अर्ज मागे घेतला. तोंडी माफी मात्र त्याने मागितली नाही. बापाच्या कपाटाचं लोंबणारं दार तेवढं नीट केलं, तेही वाकडं.

संध्याकाळी डीना लेकीच्या, विनीच्या, केसांतला गुंता सोडवत होती. विनी पाच वर्षांची, आईच्या मांडीत बसून टबातलं प्लास्टिकचं बदक चावत होती. आज काय केलंस, असं तिने विचारलं, म्हणून डीनाने सांगितलं. चोर, स्क्रू, अक्षरं, भाऊ. युद्धाचं जमेल तेवढं गाळून.

"मोझेस रोज दारात बसायचा?"

"बसत असेल."

"डेलमरची वाट बघत?"

"हो, राणी."

"आणि डेलमर येणार नाही, हे रॉइसला त्या सैनिकाने सांगितलं."

"हो."

विनीने बदक तोंडातून काढलं आणि मान वळवून आईकडे पाहिलं.

"मग मोझेसला कुणी सांगितलं?"

डीनाच्या हातातला कंगवा केसांतच थांबला.