साखरपुड्यातला नकाराणू

चिपळूणच्या त्या कार्यालयात शिऱ्याच्या बशा फिरत होत्या आणि कुणीही ‘नको’ म्हणत नव्हतं. वाढपी आला की ‘वाढा’. परत आला की परत ‘वाढा’. बंदी नव्हती हो. शब्दच वापरातून गेला होता.

डॉ. हेमलता गवाणकर खाली मान घालून शिरा चिवडत होती. ही करणी तिचीच. आणि आज साखरपुडा होता तिच्या भाचीचा, ऋजुताचा.

इथं थोडं विज्ञान (पानातल्या लिंबाच्या फोडीएवढंच)

“हेमा, तो तुझा किडा नेमकं करतो काय गं?” शेजारी बसलेल्या दादानं, म्हणजे ऋजुताच्या वडिलांनी, विचारलं.

“किडा नाही, जिवाणू. नकाराणू. गुडमारचं पान चघळलं की साखर गोड लागत नाही ना? तो गुण आम्ही जिभेवरच्या एका गरीब जिवाणूत घातला. तोंडातून तो नकाराचा शब्द गेला की त्याची थरथर ओळखून हा जागा होतो. मग दिवसभर गोड म्हणजे वाळू.”

“पण तोच शब्द का?”

“माणूस नकार देतो आणि तरी खातो. मधुमेह तिथंच शिरतो. सरकारला वाटलं, जिभेला तिचा शब्द पाळायला लावू.”

“आणि आपल्याकडे तो शब्द म्हणजे ‘जरा आग्रह करा’, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही?”

“उंदरांवर प्रयोग झाले होते, दादा.”

“उंदीर पंगतीत लाजत नाही, हेमा.”

शाळाशाळांतून, दवाखान्यांतून लहानथोरांना नकाराणूचे थेंब पाजले गेले. पहिल्याच लग्नसराईत जिलब्या वाळूसारख्या लागल्या. दुसऱ्या लग्नसराईपर्यंत लोकांना उपाय सापडला: तो शब्द उच्चारायचाच नाही. साखर उतरायची ती चढली. शिवाय सवय जेवणापुरती राहिली नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांचं भाग्य फळफळलं. ऋजुताच्या होणाऱ्या सासरी पाणी गाळायची चार यंत्रं होती. दादा तीन सोसायट्यांचा अध्यक्ष झाला होता, त्यातल्या दोन सोसायट्यांत तो राहतही नव्हता. आणि हे स्थळ आलं, तेव्हाही सगळे ‘हो’ म्हणाले होते.

आतल्या खोलीत

“हा मुलगा हवाय तुला?” हेमलतानं दार लोटून विचारलं.

ऋजुतानं मान हलवली. आडवी.

“अगं मग सांग की!”

“कसं सांगतात, आत्या? मी शाळेपासून म्हटलंच नाहीये.”

मग आत्यानं भाचीला आरशापुढे उभं केलं. “न. को. ओठांचा चंबू कर. दुसरं अक्षर जोरात.”

“आणि जीभ?”

“एक दिवस वाळू खा. जन्मभर खाण्यापेक्षा बरी.”

गोड

वरमायेनं कुंकू लावलं, चिमूटभर साखर ऋजुताच्या ओठांशी नेली.

“नको,” ऋजुता म्हणाली. स्पष्ट, खणखणीत.

बशांचा आवाज थांबला. वरमायेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“अगंबाई! किती वर्षांनी ऐकलं! माझ्या आईच्या वेळच्या मुली अश्शाच लाजायच्या. काय वळण आहे हो पोरीला!”

“नको! खरंच नको!”

“‘खरंच’सुद्धा म्हणते!” मागून एक आजोबा गहिवरले. “अहो, आग्रह करा तिला!”

“आग्रह करा! आग्रह करा!” अख्खं कार्यालय टाळ्या वाजवायला लागलं. दादा सगळ्यांत जोरात.

हेमलता खुर्ची ढकलून उठली. “अहो, ती नको म्हणतेय!”

“तेच तर म्हणतेय मी, आत्याबाई!” वरमाय लाडानं हसली. तिनं एका हातानं ऋजुताची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं साखर भरवली.

ऋजुताच्या दाताखाली कचकच झाली. तिनं गर्दीतून हेमलताकडे पाहिलं.

“आत्या,” ती म्हणाली, “वाळू.”

भरल्या कार्यालयात पोरीचं म्हणणं ऐकलं होतं ते एकट्या नकाराणूनं.