मापाचा माणूस

बसा. बायको कामावरून येईपर्यंत माझं सगळं कपाट तुमचं बघून होईल. मी बोलताना खिडकीबाहेर बघत राहीन, तेवढा राग मानू नका.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यांवरून मी दात घडवतो आणि रंगवतो. घरी आलो की त्याच ब्रशांनी डायनासोरांच्या छोट्या मूर्ती रंगवतो. बायको म्हणते, दिवसभर म्हाताऱ्यांचे दात आणि संध्याकाळी त्यांच्याहून म्हाताऱ्यांचे. तिचं खोटं नाही. पण हौसेला मोल नसतं, हे आता तुम्हालाही कळेल, नवेच आहात या नादात.

हे सगळे पस्तिसास एक या मापाचे. खरा प्राणी याच्या पस्तीस पट. पण हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून चांगल्या मूर्तीच्या तळावर जनावराशेजारी करंगळीएवढा माणूस उभा करतात. त्याला आम्ही मापाचा माणूस म्हणतो. त्याच्याकडे बघितलं की जनावर केवढं होतं ते पोटात जाणवतं.

खालच्या फळीवरच्या त्या मोठ्याला मात्र हात लावू नका.

तो आणला गेल्या हिवाळ्यात. एक जुने संग्राहक वारले होते आणि त्यांच्या बायकोला घर रिकामं करायचं होतं. सुट्टी होती, पिशवी घेऊन गेलो. बाईंनी बाकीच्या मूर्ती टेबलावर नीट मांडल्या होत्या. हा एकटा कोपऱ्यात होता, तोंड भिंतीकडे केलेला. दोन पायांवर चालणारा मांसाहारी, जबडा किंचित उघडा, जनावर आणि तळ एकाच ओतीव तुकड्याचे. शेपटीपाशी दोन इवलेसे बूट चिकटलेले होते, घोट्याशी मोडलेले. वरचा माणूस नव्हता. मी विचारलं, इथला माणूस कुठे पडलाय का?

"तो आता नाही मिळायचा," बाई म्हणाल्या आणि दोरी शोधायला आत गेल्या.

घरी आणून मी बूट खरवडून काढले आणि जनावराला नवा रंग दिला. दातांवर तर फारच जीव लावला. जन्मभर सिगारेटी ओढलेल्या माणसाच्या दातांची छटा दिली आणि स्वतःवरच खूश झालो. बायको मागे उभी राहून बघत होती. शेपटीपाशी मला उभं कर म्हणाली, तुझ्या कपाटात तरी मला जागा मिळू दे. मलाही गंमत वाटली. कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये तिची मूर्ती ओतली. मोहरीच्या फुलासारखा पिवळा स्वेटर, खांद्याला पर्स, एक हात कमरेवर, माझी खरडपट्टी काढताना ठेवते तसा. जुन्या बुटांच्या जागी चिकटवली. जनावराचं तोंड पुढे आणि ही मागे. अगदी हुबेहूब दिसत होती.

पुढच्याच आठवड्यात ती कामावरून आली ती मान चोळत. बसथांब्यापासून कुणीतरी मागे होतं म्हणाली. पावलं नाहीत, नुसता श्वास. गरम, ओलसर. मी थट्टेवर नेलं, तुझ्या मागे लागायची हिंमत माझ्यानंतर कुणाची झाली म्हणून. ती हसली नाही. तिने स्वेटर काढून ठेवला आणि मला वास आला. पाण्यात आठवडाभर विसरलेल्या कवळीला येतो तसला. तो वास मी झोपेतही ओळखेन.

रंग मी नेहमी दिवसाउजेडी तपासतो, दिव्याखाली रंग फसवतो. सकाळी भिंग घेऊन बघितलं तर जनावराच्या मानेवर, उजव्या बाजूला, बारीक तडे होते. असे तडे मऊ प्लास्टिकवर पडतात. वस्तू वाकली की वरचा रंग फुटतो. हे तर दगडासारखं टणक, ते वाकणार कसं? रंगातच खोट असेल म्हणून मी तडे बुजवले. दोन दिवसांनी ते परत आले, आणि आता मान वळलेली डोळ्यांना दिसत होती. जनावर उजव्या खांद्यावरून मागे बघत होतं. माझ्या बायकोकडे बघत होतं.

मी पक्कड घेतली, तिच्या मूर्तीच्या बुटांशी लावली आणि हलकेच पिळली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. धावलो तर ती जमिनीवर बसलेली, दोन्ही घोटे हातांनी धरून.

"कुणीतरी पिळतंय रे..." ती म्हणाली. "आत... हाडाला..."

घोट्यांभोवती लाल वळ उठले होते. तिला पलंगावर निजवलं आणि त्या बाईंना फोन लावला. काय झालंय ते सांगितलं.

"यांनी स्वतःलाच उभं केलं होतं तिथे," त्या म्हणाल्या. "मी ओढून काढलं. वाटलं, सुटतील..."

"मग?"

"पाय तिथेच राहिले ना."

त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. मूर्ती फोडायचा विचार आला, नाही असं नाही. पण ते घोटे बघितल्यावर हातोडी उचलायला हात धजेना. तिला काढता येत नव्हतं, जनावर हलवता येत नव्हतं. मला येतं ते एकच, ओतणं आणि रंगवणं. म्हणून मी स्वतःला ओतलं. कामावरचा निळा ॲप्रन, कपाळावर भिंग, दोन्ही हात पुढे. उजव्या बाजूला, तिच्या आणि त्या जबड्याच्या मधोमध चिकटवलं, तोंड जनावराकडे. गोंद वाळेपर्यंत बोटाने दाबून धरलं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मोकळं वाटत होतं. ती जायच्या आधी माझा नंबर लागणार, एवढं तरी ठरलं.

तिने ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. माझा हात धरून उभी राहिली.

"मला विचारलं असतंस तर नको म्हणाले असते," म्हणाली.

"म्हणूनच नाही विचारलं."

तेव्हापासून तिच्या मागचा श्वास थांबला. आता तो माझ्या तोंडावर येतो, काम करताना, जिना चढताना. सवय होते माणसाला कशाचीही. ती स्वस्थ झोपते, मला पूर्वीसारखं फैलावर घेते. आणखी काय हवं?

आज सकाळी भिंगातून बघत होतो. तिचा जो हात मी कमरेवर ओतला होता, तो कमरेवर नव्हता. त्याचा साचा माझ्या खणात आहे, तुम्ही स्वतः बघा, हात कमरेवरच आहे. पण तळावरच्या तिने माझ्या ॲप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढीशी मूठ. वाटलं, ही तिथेही मला सोडत नाही.

मग ती मला कशासाठी ओढतेय ते दिसलं. जनावराच्या मानेवर डाव्या बाजूला तडे होते. ताजे. आता ते दुसऱ्या बाजूने मागे वळत होतं. आणि मी तर उजवीकडे तोंड करून उभा आहे, माझ्याच हाताने चिकटवलेला. मला वळता येत नाही.

तिला फोन केला, आज टॅक्सीने ये म्हणून. एवढ्याशासाठी कशाला, बस आहे की, म्हणाली.

आली बघा. ती कोपऱ्यावर, पिवळा स्वेटर. थांबलीय. रस्ता रिकामा आहे ना? तुम्हालाही रिकामाच दिसतोय ना? मग ती डावीकडे मान करून, एवढी वर कुणाकडे बघतेय?