विरजणाचा नियम

नव्या कायद्याचा पहिला दिवस होता आणि इरावती भोंगाडेला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. नागपूरच्या वसुली प्रयोगशाळेत ती भिंतीवरच्या आकड्यांपाशी जायची, खिडकीशी यायची, परत भिंतीशी.

यंत्र तिचंच होतं. नोटांच्या जागी अंकरुपया आल्यापासून प्रत्येक रुपयाला जन्मखूण असे. तो कुणाकुणाच्या खात्यातून फिरला, ते त्याच्या पोटातच लिहिलेलं. तिचा 'मागकाढ्या' दर तासाला एक फेरी मारून चोरीचा रुपया हुडकायचा, तो असलेलं खातं गोठवायचा आणि मूळ धन्याला त्याचा रुपया परत पाठवायचा. पूर्वी खटला संपेस्तोवर चोराचा बंगला नातवाच्या नावावर झालेला असायचा. आता खटल्याची वाट बघायची गरजच उरली नव्हती.

मसुदा लिहिताना निवृत्त न्यायमूर्ती टेंभुर्णे तिच्याशी तीन महिने भांडले होते.

"चोरीचे शंभर रुपये चांगल्या लाखात मिसळले, तर बाई, गोठवायचं किती?"

"सगळं. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही होतं, सर."

"बरं. आणि ही खूण पुसायची कुणी?"

"कुणीच नाही."

"कोर्टाच्या हुकमानंही?"

"खोटे हुकूम तुम्हीच दोनदा पकडलेत. पुसायची एक वाट ठेवली, तर चोर त्याच वाटेनं येणार."

"चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची, एवढं बघा," म्हातारा म्हणाला होता.

तिला राग आला होता. तिच्या लेखी संन्यासी एकच, तिचे बाबा. कालवा निरीक्षक म्हणून जन्मभर पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, आणि निवृत्तीचे बेचाळीस लाख एका भामट्यानं सहा वर्षांपूर्वी लुबाडले. औषधाला शेजारच्या नलूताईंनी उसने दिले, किराण्याला झिबल कंपाउंडरांनी. लेकीचा पैसा घ्यायचा नाही, हा बाबांचा हट्ट. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. त्या भामट्यासाठीच तिनं यंत्र इतकं कडक केलं होतं. आपल्यालाही सूट ठेवली नव्हती. नियम बदलायची किल्ली तिच्या एकटीच्या बोटांत, पण बोट टेकवलं की यंत्र आधी तिचं खातं तपासायचं. खात्यात चोरीचा रुपया निघाला, तर दार बंद.

दहा वाजून दहा मिनिटांनी बेचाळीस लाख भामट्याच्या खात्यात सापडले आणि तडक बाबांच्या खात्यात गेले. इरावतीला कितीतरी वेळ रडू आवरेना. पहिला दिवस बघायला आलेले टेंभुर्णे पावणेअकरा उलटल्यावर तिच्यासाठी पाणी घेऊन आले. ग्लास हातात देताना मात्र ते थबकले.

"बाई, परत दिलेल्या रुपयाची जन्मखूण?"

तिनं ग्लास तसाच खाली ठेवला. खूण होती तशीच होती. कुणीच पुसायची नाही, असं तिनंच लिहून ठेवलं होतं. भामट्याच्या हातून आलेला रुपया आता बाबांच्या पेन्शनमध्ये मिसळला होता. अकराच्या फेरीला मागकाढ्या बाबांना चोर म्हणून धरणार होता.

अकराला सात मिनिटं होती.

"अपवाद घाला," टेंभुर्णे म्हणाले. "फक्त परताव्यापुरता."

तिनं ओळ लिहिली. दोनदा चुकली, दोनदा खोडली. बोट टेकवणार एवढ्यात फोन वाजला.

"इरा माय, आले गं पैसे," बाबांचा आवाज कित्येक वर्षांनी असा मोकळा होता. "नलूताईंचे दिले. झिबलचे दिले. नको नको म्हणत होता, पण मी कुठला ऐकतो."

"बाबा, थांबा. आणखी कुणाला देऊ नका."

"आता कुणाला देतो? सगळी देणी फिटली."

तिनं बोट टेकवलं. पडदा क्षणभर विचारात पडला आणि लाल झाला. *धारकास प्रवेश नाही.*

तिनं पुन्हा बोट टेकवलं. तेच.

"एक देणं तुझंही होतं," बाबा सांगत होते. "सहा वर्षं तुला दिवाळीची साडीचोळी केली नाही, मनाला लागून होतं बघ. म्हणून सगळ्यांत आधी तुझ्या खात्यावर पाचशे एक टाकले. मिळाले ना?"

भिंतीवर अकराची फेरी सुरू झाली. पहिलं नाव बाबांचं आलं, दुसरं तिचं, मग नलूताईंचं, मग झिबलचं.

"मिळाले, बाबा."

"मग रडतेस कशाला? आपलेच आहेत आता ते."