सहा स्क्रू

पाटोद्याच्या बाजारातून सहा स्क्रू आणि सहा क्लिपा आणायच्या, एवढंच काम होतं. तुम्हाला सांगतोय ते त्याच्यापुढचं आहे.

दुष्काळाचं साल. आमच्या सहकारी दूध संस्थेनं माळावर चारा छावणी चालवली होती. कृषीची पदवी घेऊन नुकताच परतलेला मी तिचा सेक्रेटरी. जनावरं साडेतीनशे आणि पाणी असलेली विहीर नऊ किलोमीटरवर. पाण्याची टाकी ओढायला एक जुनी जीप होती, माजलगावकडच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याकडून घेतलेली. शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोरचं तिचं डॅशबोर्डचं पॅनल सारखं खडखडायचं. स्क्रूंचे आटे गेलेले. पत्रा हलला की मागची वायर निसटायची आणि भरल्या टाकीसकट गाडी माळावर बंद. तिकडं जनावरं तहानेनं हंबरत राहायची.

मी मागून नव्या क्लिपा बसवल्या आणि स्क्रू आवळायला घेतले. ड्रायव्हर त्रिंबकमामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. ते जीपबरोबरच कारखान्यातून आमच्याकडं आले होते.

"पाच आवळ. सहावा ढिला राहू दे."

"कावून?" मी त्यांच्याच बोलीची नक्कल केली.

"हास बाबा, हास. कालेजात गेला म्हंजी समदं कळतं तुला." मामांनी विडी विझवली. "भिवराबाई म्हणून होती एक. ऊस तोडायला आलती. तापानं फणफणली. मला गावाकडं न्या म्हणली, म्हणून हिच्यातच घातली. नवरा मागं, ही पुढं. हादऱ्यानं पडू नये म्हणून पॅनलची खालची कड धरली व्हती. सारखं इचारायची, आलं का गाव... फाटा दिसायला लागला अन् गेली. बोटं पत्र्यामागं आकडून बसली. सुटंचनात. शेवटी स्क्रू काढले, पॅनल उतरवलं, तवा हात सुटला."

"कुठला फाटा?"

"रोजचाच. माळावरचा. तिथं गाडी थांबवायची, बाकीचे स्क्रूबी ढिले करायचे अन् म्हणायचं, बाई, गाव आलं, उतरा. मग पुढं."

आटे का गेले ते मला तेव्हा कळलं. हा माणूस रोज स्क्रू खोलत होता! मला रागच आला. मामांचा कमी, एका आजारी बाईला धड गाडीसुद्धा न देणाऱ्या कारखान्याचा जास्त. फाट्यावर थांबून काय होणार होतं? मी सहाही स्क्रू करकचून आवळले.

दुसऱ्या दिवशी मामांना ऊन लागलं. भरलेली टाकी घेऊन मी एकटाच निघालो. दुपारचा एक वाजला होता. सकाळची खेप चुकली होती आणि छावणीवर जनावरं सांभाळणाऱ्या बायनाबाईंचा तिसरा फोन येऊन गेला होता : "भारत, दोन वासरं आडवी झालीत रं. ये लौकर."

पॅनल गप्प होतं. खडखड नाही, काही नाही. मी खूश होतो.

फाटा दिसू लागला तसा वास आला... ओल्या पाचटाचा, उसाच्या गोडसर रसाचा. त्या माळावर बोटभर गवत नव्हतं. मग पत्र्याच्या मागून नखं वाजली. टक... टक. उंदीर असेल म्हणून मी वाकून पाहिलं. आवाज कडेशी येऊन एकाच जागी वाजू लागला, जिथं बोटं राहतील तिथंच. पाय ब्रेकवर गेला. पण ती वासरं डोळ्यांसमोर होती. मी गिअर बदलला. आवाज वाढला, आणि फाटा मागं पडताच एकदम बंद झाला.

टाकी पोचली. वासरं उठली. बायनाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला मात्र चैन पडेना. तो उंदीर मला बघायचाच होता. स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, सहाही निघाले.

पॅनल निघेना.

कडेत बोटं घालून ओढलं. पत्रा तसूभर हलला आणि पुन्हा जागेवर बसला... आतून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा.

संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं. पडल्या पडल्या त्यांनी एवढंच विचारलं, "फाट्यावर थांबला व्हता का?"

"नाही."

"मग ती उतरली न्हाई, भारत." त्यांनी कूस बदलली. "अन् आता गाव मागं ऱ्हायलं."

त्या दिवसापासून मी प्रत्येक खेपेला फाट्यावर थांबतो. इंजिन बंद करतो, हाक मारतो. "बाई, गाव आलं. उतरा." मग पॅनल ओढून बघतो. ते निघत नाही.

सहाही स्क्रू माझ्या खिशात आहेत, हे बघा. पॅनलला आज एकही स्क्रू नाही. खडबडीत रस्ता, भरलेली टाकी, तरी ते जरासुद्धा वाजत नाही.