पावतीच्या तळाची ओळ

हरिओमने बायकोला बोलूच दिले नाही. "हे आडतीवरच्या नागप्पाचंच काम हाय. तीस वर्षं मिरची पारखून राहिला तो. हिच्या मशिनवर जळतो," असे त्याने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकले.

नांदेडच्या त्या एका खोलीत दीपमाला खासगी तपासाची कामे घेत असे. तिचा चुलतभाऊ वैजनाथ जीप चालवायचा आणि स्वतःला मदतनीस म्हणवून घ्यायचा. लोक दीपमालालाच शोधत येतात, आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्याला फार डाचत असे. त्यामुळे नागप्पाचे जळणे त्याला लगेच पटले.

शेवटी त्याची बायको सुकन्या बोलली. तिने मिरचीची प्रत ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. कॅमेऱ्याखाली मिरची ठेवली की प्रतीची पावती निघायची. सोमवारी धर्माबादला बसवंत सेठच्या आडतीत पहिली चाचणी झाली आणि प्रोग्रॅमने लालभडक मिरचीला दिवसभर तिसरी प्रत दिली. शेतकरी पोट धरून हसले. संध्याकाळी तिने तपासले तर प्रोग्रॅमही ठीक आणि त्याच्या शेजारची नमुन्यांची फाइलही ठीक. दोष सापडला असता तर दुरुस्त तरी करता आला असता. आज चार वाजेपर्यंत खुलासा झाला नाही तर सेठ मशिन परत पाठवणार होते. मग तिच्या कंपनीच्या लातूर ऑफिसची प्रमुख म्हणून झालेली तिची नेमणूकही जाणार. हरिओम त्याच कंपनीत होता, तिच्या दोन वर्षे आधीपासून.

"मी तर साडेबाराच्या बसनं नायगावला गेलतो, भावाकडं जेवायला," हरिओम म्हणाला. "नागप्पा दिवसभर मशिनपाशी होता."

चौघे धर्माबादला पोचले. आडतीत मिरचीच्या तिखट धुळीने वैजनाथ शिंकून बेजार झाला. मशिनजवळ सोमवारी कोण कोण होते, असे दीपमालाने बसवंत सेठना विचारले. सुकन्या, हरिओम आणि नागप्पा, बाकी कुणाला जवळ फिरकू दिले नव्हते.

नागप्पाने काही लपवले नाही.

"हाव, जळतो मी. माझ्या डोळ्याला कुणी नाव ठेवलं न्हाई आजवर. पर मशिनला मी हात लावला तो दिवेलागणीला, बंद करायला. पूजा केलेलं मशिन सौदे सरल्याबिगर बंद करायचं न्हाई, ही आमची रीत हाय."

सेठनी मान डोलावली. तसे सोमवारी नागप्पाने सगळ्यांना सकाळीच बजावले होते.

दीपमालाने आडतीत राहिलेल्या पावत्यांच्या प्रती मागवल्या. या प्रती सेठनी आजवर कुणाला दाखवल्या नव्हत्या. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिने ती सुकन्याला दाखवली.

"प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरातून चालला त्याचा पत्ता हाय हा. कॉम्प्युटर जागोजागी वेगळे, लातूरला विंडोजचे, नांदेडला मॅक, इथं लिनक्सचे. 'मी कुठं हाय' हे प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेनं विचारावं लागतं. दर पावतीला विचारून छापते मी. नमुन्यांची फाइल बी प्रोग्रॅम सुरू होतानाच त्याच जागेवरून घेतो." मग तिने ओळ नीट वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "ही माझी जागा न्हाई."

सव्वाबारापर्यंतच्या पावत्यांवर तोच परका पत्ता होता. पुढच्या पावत्यांवर त्याच पत्त्याला 'डिलिटेड' हा शब्द चिकटला होता.

दीपमाला मिरचीच्या पोत्यावर बसली.

"सकाळीच कुणीतरी प्रोग्रॅमची नक्कल दुसऱ्या फोल्डरात ठेवली, शेजारी नमुन्यांची बिघडवलेली फाइल. पडद्यावरचं चिन्ह त्या नकलेकडं वळवलं. संध्याकाळी सुकन्या तपासणार, म्हणून त्याआधी चिन्ह परत जागी वळवून नक्कल पुसायची होती. विंडोज चालता प्रोग्रॅम पुसू देत न्हाई. लिनक्स देतं. प्रोग्रॅम चालतच राहतो, पर त्यानं पत्ता विचारला की पुसल्याचं बी सांगतं."

"म्हंजे नागप्पानंच पुसली," वैजनाथ म्हणाला.

"त्याला काय घाई होती, भाऊ? मशिन त्यानंच बंद केलं. नंतर निवांत पुसली असती तर तो शब्द उमटलाच नसता. सुकन्या बी शेवटपर्यंत इथंच. चालत्या मशिनमधून नक्कल काढायची पाळी कुणावर येते? रीतीमुळं मशिन बंद करता येईना, आणि सौदे सरायच्या आत ज्याला जायचं होतं त्याच्यावर."

हरिओमने कुणाकडे पाहिले नाही.

"हिला काम शिकवलं मी," तो म्हणाला. "लातूरची खुर्ची मिळाली हिला. गावात मला आता सुकन्याचा नवरा म्हणतात. सहन न्हाई झालं."

बसवंत सेठनी मशिन राहील असे सांगितले. सुकन्याचे तिकडे लक्ष नव्हते.

"लोक हसून राहिले व्हते, तवा तुमाला बरं वाटलं?"

"हाव," हरिओम म्हणाला. "घडीभर."

"मग त्या घडीवरच दिवस काढा आता. लातूरला मी एकलीच जाते."

डोळे पुसून ती मशिनपाशी गेली आणि पहिली मिरची ठेवायला तिने नागप्पाला बोलावले.