हातावरचं आभाळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली ती शेड यंत्रमाग हलवल्यापासून ओकीबोकी पडली होती. भुवनेश्वरीने तिच्या खिडक्या झाकल्या, ओळीने लाकडी खोकी टांगली, प्रत्येकात एक बल्ब बसवला. खोक्याच्या तोंडावर काळं सुती कापड ताणलेलं आणि त्यात दाभणाने पाडलेली भोकं. बल्ब लागले की अंधारात चांदण्याच चांदण्या. पण आकाशातल्या नव्हेत. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांवरचं गोंदण तिने ठिपक्याला ठिपका लावून उतरवलं होतं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अक्कलकोटहून सोजरबाई आल्या. आपल्या हातावरची तुळस माणसाएवढी झालेली पाहून खुदकन हसल्या.

"अगं बया! माजा हात आभाळाला टांगलास की गं!"

मग शेवटच्या खोक्यापाशी थांबल्या. तिथेही तुळसच होती. "आन् ह्यो कुणाचा?"

"आमच्या अव्वाचा," भुवनेश्वरी म्हणाली आणि नजर चुकवली.

अव्वा, म्हणजे तिची आई गौरम्मा, भुवनेश्वरी लहान असतानाच गेली. घरात एकच फोटो, त्यातही हात पदराखाली. साऱ्या मुलखाच्या बायकांचे हात हिने कागदावर उतरवले, पण स्वतःच्या आईच्या हातावर काय होतं ते काही केल्या आठवेना. याची तिला मनातून लाज वाटायची. शेवटी बहुतेकींच्या हातावर असते तशी एक तुळस तिने टोचली आणि खाली शाईने चिठ्ठी लिहून लावली : 'गौरम्मा, दुधनी. अंदाजे.'

दुसऱ्या सकाळी शेड उघडली तर तुळशीची वरची भोकं बुजलेली. शिवलेली नव्हती, चिकटवलेली नव्हती. कापडाची वीणच सलग झाली होती. बोट लावलं तर तेवढीच जागा ओली, अंगठ्याएवढी. पत्रा गळत असेल म्हणून तिने वर पाहिलं. वर सगळं कोरडं ठणठणीत.

रांगोळीचा ठिपका चुकला की अव्वा ओल्या अंगठ्याने पुसायची. हे तिला आठवलं आणि तिने ते झटकून टाकलं.

मग रोज तुळस थोडी थोडी कमी होत गेली आणि खाली, मनगटाच्या बाजूला, नवे ठिपके उजळत गेले. भुवनेश्वरीने दाभण घरी नेऊन ठेवलं. शेडची किल्ली तर तिच्याच पर्समध्ये असायची. तिने कुणाला सांगितलं नाही. लोक वेड्यात काढतील ही भीती होतीच, पण हे मध्येच थांबेल ही भीती त्याहून मोठी होती.

शेवटच्या दिवशी भरदुपारी सोजरबाई पुन्हा आल्या.

"पोरी, तवा हितं तुळस हुती न्हवं? आता तर इंचू हाय की."

विंचूच होता. भुवनेश्वरीला एकदम सगळं आठवलं. भाकरीचं पीठ मळता मळता अव्वा मुद्दाम मूठ आवळायची, तशी हातावरच्या विंचवाची नांगी हलायची. ही किंचाळत पळायची आणि अव्वा पोट धरून हसायची.

तेवढ्यात वीज गेली.

सगळी खोकी विझली. सोजरबाईंची तुळसही विझली.

विंचू विझला नाही.

"ह्येची तार न्यारी हाय व्हय गं?" सोजरबाईंनी हळूच विचारलं.

"नाही." भुवनेश्वरीने खोक्यामागे हात घातला. बल्ब कधी लागलाच नसल्यासारखा गार होता.

विंचवाची नांगी हलली. एकदाच.

या वेळी ती पळाली नाही. "अव्वा," एवढंच म्हणाली आणि रडत, हसत तिथेच उभी राहिली.

वीज आली. डोळे पुसून ती चिठ्ठी काढायला वाकली.

'गौरम्मा, दुधनी.' पुढचा 'अंदाजे' गेला होता. तिथे अंगठ्याएवढी शाई फिसकटली होती, अजून ओली.