यादीत नसलेला सर्व्हर

या प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय नाही. काम थांबवत आहे.

पडद्यावर एवढंच. काळ्यावर पांढरं.

पण काल तर होती. अकरा वर्षांच्या जुईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काल याच सर्व्हरवर (अनेक कामं एकदम पेलणाऱ्या मोठ्या संगणकावर) हीच नवी आज्ञावली धावली होती. मग एका रात्रीत हे खोकं आपली विद्या विसरलं?

कुर्ली : २१ टक्के

कुर्ली म्हणजे खेकड्यासारखा यंत्रमानव. मालवणजवळच्या एका छोट्या सागर-प्रयोगशाळेचा. आठ पाय, दोन नांग्या आणि प्रवाळ मोजायचं काम. या क्षणी ती आठ वाव (जवळपास पन्नास फूट) खोल, गढूळ पाण्याच्या तळाशी हुकमाची वाट पाहत होती. अंग समुद्रात, मेंदू इथे सर्व्हरमध्ये. वर तरंगणाऱ्या बोयावरून फक्त तिच्या बॅटरीचा आकडा येत होता. तो शून्यावर आला की पायांची पकड सुटणार, आणि ओहोटी तिला कुठे नेईल ते समुद्रालाच ठाऊक.

जुईने तिला चालायला शिकवलं होतं. अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून.

१९ टक्के

प्रयोगशाळा जुईच्या आत्याची, डॉ. यमुना तोडणकरांची. आभासीकरण म्हणजे काय, ते आत्याने तिला खानावळीवरून समजावलं होतं. शेगडी एक, आचारी तीन. मध्ये एक हुशार मुकादम. तो प्रत्येकाला इतक्या झटपट पाळी देतो की तिघांनाही वाटतं, शेगडी माझ्या एकट्याची. सर्व्हर ही शेगडी. मुकादम म्हणजे हायपरवायझर (एका यंत्रातून अनेक यंत्रं भासवणारी आज्ञावली). आणि आचारी म्हणजे आभासी संगणक. त्यातला एक भरती-ओहोटीचं गणित करायचा, दुसरा फोटो जपायचा, तिसरा कुर्लीचा मेंदू.

मेंदूची नवी आवृत्ती आली. तिला मुकादमही नवा हवा होता. आणि नवा मुकादम हे जुनं खोकं ओळखत नव्हता. काल त्याने लिहिलं होतं :

हा प्रोसेसर आमच्या यादीत नाही. पुढे गेलात तर जबाबदारी तुमची.

जुई घाबरली होती. आत्या मात्र शांत. बनवणारे लोक आज्ञावली नव्या यंत्रांवर तपासतात आणि तेवढ्यांचीच यादी करतात, ती म्हणाली. यादीत नाही म्हणजे जमत नाही, असं नव्हे. कुणी तपासलेलं नाही, आणि बिघडलं तर मदतीला कुणी येणार नाही, एवढंच. म्हणून तिने सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि ‘मान्य’ म्हणून टाकलं. यंत्र चाललं. झकास चाललं.

“मी पण खयच्या यादीत नाय,” दिगूकाका तेव्हा हसत म्हणाले होते. काका प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. तरी रोज हजर.

१६ टक्के

आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा, हत्यारांना विश्रांती. काकांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच सर्व्हर बंद केला. ओल्या फडक्याने पुसायचा म्हणून प्लगही काढला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. तासाभराचाच प्रश्न म्हणून आत्याने कुर्लीला खालीच थांबवलं होतं. तास संपला, कळ दाबली, आणि हे.

“मी काय्येक करूक नाय, बाय. पुसलंय, कुंकू लायलंय, झालां.” काकांचा चेहरा उतरला होता.

आत्याने दोनदा बंद-चालू करून पाहिलं. मग नवा सर्व्हर कुठे उसना मिळतो का, म्हणून फोन लावले. सगळ्यांत जवळचा रत्नागिरीत. चार तास.

११ टक्के

चार तास नव्हते.

जुई पडद्यासमोरून हलली नव्हती. “आत्या, कालचं ‘नाही’ आणि आजचं ‘नाही’ वेगळं आहे.”

“कसं गो?”

“काल तो म्हणाला, मी तुला ओळखत नाही. आज म्हणतोय, तुला हे येतच नाही. पण येतं. आपण पाहिलंय. मग ते येणं कुठेतरी झोपलंय. आणि हे बघ, याची तारीख.”

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : १ जानेवारी २०२८. भिंतीवरचं कॅलेंडर २०३८ दाखवत होतं.

आत्याने फोन खाली ठेवला.

प्रत्येक संगणकाच्या मुख्य पाटीवर बटणाएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज नसताना दोनच गोष्टी सांभाळते : तारीख, आणि यंत्राला घालून दिलेले नियम. ती कधीच मेली होती. पण इन्व्हर्टरमुळे यंत्राची वीज कधी तुटलीच नव्हती, मग कळणार कसं? आज प्लग निघाला आणि यंत्र कारखान्यातून आलं त्या दिवसाकडे परत गेलं. त्या दिवशी प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय बंद असते. ती चालू करावी लागते. आत्यानेच केली होती, नऊ वर्षांपूर्वी, आणि विसरली होती.

८ टक्के

पुन्हा सुरुवात. पहिल्या सेकंदात कळ दाबून नियमांच्या पानावर. खाली, खाली, अजून खाली. आभासीकरण : बंद. जुईने ते चालू केलं. तारीख घातली. जतन.

हा प्रोसेसर आमच्या यादीत नाही.

धोक्याची सूचना वाचून कुणी इतकं आनंदाने कधी ओरडलं नसेल. मान्य!

५. भरतीचा आचारी जागा झाला. फोटोंचा जागा झाला. ४. मेंदू. मेंदू पाय मोजतोय. आठ. हुकूम गेला : घरी ये.

३.

२.

तिघंही धक्क्यावर धावली. पाणी हललं, एक नांगी वर आली. काकांनी गुडघाभर पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी उचललं.

दुपारी नवी चपटी बॅटरी बसली. मग आत्याने मागची खोली उघडली. धूळ खात पडलेले अकरा जुने सर्व्हर, प्रत्येकावर चिठ्ठी : यादीत नाही, भंगारात देणे. शेजारच्या गावांच्या शाळा किती वर्षं एकेक संगणक मागत होत्या. यातल्या एकाचेच दहा आभासी संगणक झाले तर?

काकांनी बाह्या सरसावल्या. काही खरोखरच मेलेले निघतील, आत्याने बजावलं.

जुईने पहिल्याची चिठ्ठी काढली आणि कळ दाबली. आत कुठेतरी पंखा कुरकुरला, थांबला, आणि फिरू लागला.